घरगुती बिअरसाठी हॉप्स कोणत्या रूपात घ्यावेत: फुले, पेलेट, क्रायो की अर्क?

तुम्ही २० लिटरच्या बेताने मॉल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून) बिअर बनवता, हॉप्स घालून उकळलेला वर्ट, म्हणजे मॉल्टचा गोड काढा, प्लेट चिलर या अरुंद फटींच्या उपकरणातून थंड करून फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) घेता आणि शेवटी सुगंधासाठी ड्राय हॉपिंग करता, म्हणजे न उकळता बिअरमध्येच हॉप्स भिजत ठेवता. एका कृतीत अख्खी फुले, दुसरीत पेलेट (दळून दाबलेल्या फुलांच्या गोळ्या), तिसरीत क्रायो (फुलांतला कडू-सुगंधी भाग वेगळा काढून केलेले पेलेट) असे लिहिलेले असल्यामुळे नेमके काय विकत घ्यावे, आणि एकाच्या जागी दुसरे वापरताना प्रमाण कसे बदलावे, हे तुम्ही विचारले आहे. ‘कमीत कमी प्रक्रिया झालेले म्हणून फूलच सर्वांत उत्तम’ असे तुम्हाला कोणी सांगितले आहे, त्याबद्दलही मत मागितले आहे. माझे उत्तर आधीच देतो: तुमच्या मांडणीत जवळजवळ प्रत्येक वेळी टी-९०, म्हणजे नेहमीचे पेलेट घ्यावेत, भरपूर ड्राय हॉपिंगच्या बिअरमध्ये त्यांचा काही भाग क्रायोने बदलावा, आणि प्लेट चिलर आहे तोवर उकळीत अख्खी फुले सुटी टाकू नयेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ताजे आणि हवाबंद राहिलेले हॉप्स कोणत्याही रूपात जुन्या, उघड्या पडलेल्या हॉप्सपेक्षा चांगले असतात. रूपाचा विचार त्यानंतर येतो.

हॉपच्या मादी वेलीवर येणाऱ्या शंकूसारख्या फुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशी ल्युपुलिनच्या बारीक पिवळ्या ग्रंथी असतात. कडूपणा देणारी अल्फा आम्ले आणि सुगंध देणारी तेले या दोन्ही गोष्टी मुख्यतः त्या ग्रंथींतच असतात. बाकी पाकळ्या आणि देठ हा वनस्पतीचा पालापाचोळा आहे. त्यातून बिअरमध्ये पॉलिफेनॉल ही तुरट द्रव्ये उतरतात, थोडी हिरवट चव येते आणि बराच द्रव शोषला जातो. बाजारात मिळणारे हॉप्सचे सर्व प्रकार म्हणजे ल्युपुलिनभोवती हा पाला किती ठेवला, तो किती दळला आणि हवेपासून किती जपला, यांतले फरक आहेत. एवढे लक्षात ठेवले की दुकानातल्या पाकिटावरचे कोणतेही नवे नाव तुम्हाला गोंधळात टाकणार नाही.

अख्ख्या फुलांविषयीचा आदर समजण्यासारखा आहे. वाळवून, दाबून भरलेली फुले हे हॉप्सचे सर्वांत जुने रूप आहे, आणि अमेरिकेतील सिएरा नेवाडासारख्या मोठ्या ब्रुअरीने आपली ओळखच अख्ख्या फुलांवर उभी केली. मात्र तिने त्यासाठी उपकरणेही तशीच घडवली. फुलांनी भरलेल्या पोलादी नळकांड्यातून बिअर पुन्हापुन्हा फिरवणारे ‘हॉप टॉर्पेडो’ हे तिथलेच. घरी हे रूप दोन ठिकाणी खरोखर कामाचे ठरते. भांड्याच्या तळाशी जाळीचा खोटा तळ असेल, तर उकळ संपल्यावर फुलांचा जो थर बसतो तो स्वतःच गाळणीचे काम करतो आणि वर्टमधला प्रथिनांचा गाळ अडवून धरतो. दुसरे ठिकाण म्हणजे हॉपबॅक: भांडे आणि चिलर यांच्यामध्ये ठेवलेला फुलांचा बंद डबा, ज्यातून गरम वर्ट जाताना सुगंध घेऊन लगेच थंड होतो. हॉपबॅकमध्ये पेलेट चालत नाहीत, कारण ते भिजताच विरघळून भुकटी होतात आणि मार्ग बंद करतात.

या दोन्हींपैकी काहीही तुमच्याकडे नाही. शिवाय फुलांचे तोटे घरगुती प्रमाणात जास्त जाणवतात. फुले एका ग्रॅममागे साधारण पाच मिलिलिटर द्रव शोषतात, म्हणजे १०० ग्रॅम फुले अर्धा लिटर बिअर आपल्याजवळ ठेवून घेतात. ती हलकी असल्यामुळे ड्राय हॉपिंगमध्ये वर तरंगतात, त्यामुळे त्यांना वजन बांधलेल्या पिशवीत बुडवावे लागते. पाकळ्यांच्या सांदीत अडकलेली हवा त्यांच्यासोबतच बिअरमध्ये जाते, आणि आंबवण संपलेल्या बिअरला ऑक्सिजनइतके मारक दुसरे काही नाही. आणखी एक मुद्दा सहसा कोणी बोलत नाही. एकाच पोत्यातल्या दोन मूठ फुलांत अल्फा आम्लाचे प्रमाण सारखे असेलच असे नाही. मोठी ब्रुअरी एका वेळी अनेक किलो फुले टाकते, तेव्हा हा फरक आपोआप मिटतो. तुमच्या २५ ग्रॅममध्ये तो तसाच राहतो.

पेलेट तयार करताना वाळलेली फुले हॅमर मिलमध्ये दळतात, ती भुकटी मोठ्या प्रमाणात एकजीव करतात आणि साच्याच्या छिद्रांतून दाबून गोळ्या पाडतात. गोळ्यांना बांधून ठेवायला वेगळा पदार्थ लागत नाही, हॉप्समधले राळच ते काम करते. टी-९० या नावाचा उगम असा सांगतात की पूर्वी १०० किलो फुलांपासून सुमारे ९० किलो पेलेट मिळत. म्हणजे यात जवळजवळ पूर्ण फूलच असते आणि पेलेट हे फुलापेक्षा हिणकस काहीतरी असते हा समज चुकीचा आहे. साच्यातून जाताना घर्षणाने उष्णता तयार होते आणि ती आटोक्यात ठेवली नाही तर तेलांचे नुकसान होते, हे खरे आहे. पण चांगले उत्पादक साचा थंड ठेवतात, आणि नंतर पेलेट नायट्रोजन भरलेल्या, हवा आत न येऊ देणाऱ्या पाकिटात बंद करतात. फुलांची सैल, हवा खेळणारी पिशवी काही महिन्यांत जेवढी बिघडते, त्या तुलनेत हे नुकसान नगण्य आहे.

दळल्यामुळे ल्युपुलिनच्या ग्रंथी फुटलेल्या असतात. म्हणून उकळीत अल्फा आम्ले लवकर बाहेर येतात आणि त्यांचे आयसो-अल्फा आम्लांत, म्हणजे बिअरला प्रत्यक्ष कडू करणाऱ्या रूपात, रूपांतर होण्याचे प्रमाण फुलांच्या तुलनेत साधारण १० ते १५ टक्क्यांनी वाढते. कृतीत ६० मिनिटांसाठी २८ ग्रॅम फुले लिहिली असतील, तर त्याच जातीचे, तेवढ्याच अल्फाचे २५ ग्रॅम पेलेट घ्यावेत. ही सुधारणा फक्त कडूपणाच्या हॉप्सना लावावी. शेवटच्या दहा मिनिटांत किंवा उकळीनंतर टाकायच्या हॉप्सचे वजन तसेच ठेवले तरी चालते, कारण तिथे आपल्याला सुगंध हवा असतो आणि कडूपणातला किरकोळ फरक जिभेला कळत नाही.

उलट जातींमधल्या अल्फाच्या फरकाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. मॅग्नम जातीचे १२ टक्के अल्फाचे २० ग्रॅम हॉप्स २० लिटरमध्ये म्हणजे लिटरमागे १२० मिलिग्रॅम अल्फा आम्ल होते. १.०५० घनतेच्या वर्टमध्ये तासाभराच्या उकळीत ग्लेन टिन्सेथ यांच्या सूत्राप्रमाणे त्यातला सुमारे २३ टक्के भाग उपयोगी पडतो, म्हणजे साधारण २८ आयबीयू (कडूपणाचे एकक) मिळतात. तेवढाच कडूपणा साडेतीन टक्क्यांच्या साझ हॉप्सकडून हवा असेल तर जवळजवळ ७० ग्रॅम लागतील. म्हणजे उकळीत साडेतीनपट पाला जाईल, तेवढा गाळ वाढेल आणि वर्टही जास्त वाया जाईल. चेक पद्धतीच्या पिल्सनरमध्ये साझचा तो पूर्ण तासभराचा सौम्य ठसा हवाच असेल तर हा खर्च सोसावा. इतर बिअरमध्ये कडूपणासाठी जास्त अल्फाचे थोडे पेलेट आणि सुगंधासाठी आवडीची जात, अशी विभागणी मला अधिक शहाणपणाची वाटते.

पेलेटचा खरा त्रास गाळाचा आहे. पेलेट भिजले की त्यांचा बारीक हिरवा चिखल होतो आणि तुमच्या प्लेट चिलरच्या अरुंद फटींत तो बसला की उलट दिशेने पाणी सोडूनही पूर्ण निघत नाही. तिथे अडकलेला सेंद्रिय गाळ पुढच्या खेपेला जंतूंचे घर बनतो. यावर उपाय सोपा आहे. ज्योत बंद केल्यावर वर्ट एकाच दिशेने जोरात ढवळून भोवरा करा, झाकण ठेवून १५ ते २० मिनिटे तसाच राहू द्या आणि मग मध्यभागी जमलेल्या ढिगाला धक्का न लावता कडेने वर्ट काढा. तळातला शेवटचा लिटर-दीड लिटर सोडून द्यायची तयारी ठेवा आणि सुरुवातीलाच तेवढे पाणी जास्त धरा. पेलेट बारीक जाळीच्या पिशवीत टाकण्याचा दुसरा मार्गही आहे. पण पिशवी सैल हवी, कारण घट्ट भरलेल्या पिशवीत वर्ट नीट फिरत नाही आणि वर सांगितलेला १० ते १५ टक्क्यांचा फायदा तिथेच संपतो. हा गाळ टाकून देताना एक गोष्ट पाळावी: घरात किंवा आसपास कुत्री असतील तर तो उघड्यावर टाकू नये. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, त्यांच्या शरीराचे तापमान धोकादायक रीतीने वाढते, आणि वापरलेल्या हॉप्सनेही हे होऊ शकते.

आता ड्राय हॉपिंग, कारण रूपाचा परिणाम तिथे सर्वांत जास्त दिसतो. ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीत पीटर वुल्फ यांनी २०१२च्या प्रबंधात पेलेट आणि अख्खी फुले यांची तुलना केली होती. पेलेटमधली सुगंधी द्रव्ये बिअरमध्ये लवकर उतरतात, आणि बिअर हलती असेल तर मोठा भाग पहिल्या दिवसातच उतरतो, असे त्यातून दिसले. घरच्या स्थिर फर्मेंटरमध्ये थोडा जास्त वेळ लागतो, पण पेलेट दोन-तीन दिवसांहून अधिक ठेवून काही मिळवता येते असे मला वाटत नाही. आठवडाभर ठेवल्यास पाल्याची तुरट, हिरवट चव वाढू लागते. फुलांना चार-पाच दिवस द्यावे लागतात, आणि तेवढा वेळ ती पूर्ण बुडालेली राहतील याचीही काळजी घ्यावी लागते.

प्रमाणाविषयीही त्याच विद्यापीठात स्कॉट लाफोंटेन आणि थॉमस शेलहॅमर यांनी केलेला, २०१८मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उपयोगी आहे. कॅस्केड जातीच्या हॉप्सचे प्रमाण १०० लिटरला ८०० ग्रॅमच्या पुढे नेल्यावर सुगंध त्या प्रमाणात वाढत नाही, उलट लिंबूवर्गीय छटेच्या जागी चहासारखी, पाल्याची छटा पुढे येते, असे त्यांना आढळले. तुमच्या २० लिटरला ही मर्यादा १६० ग्रॅम होते. पाकिटे रिकामी करून ३०० ग्रॅम टाकण्याची जी पद्धत हल्ली दिसते, ती मला हॉप्सचीही आणि बिअरचीही नासाडी वाटते.

क्रायोचा उपयोग नेमका या ठिकाणी आहे. अमेरिकेतील याकिमा चीफ हॉप्स या कंपनीने २०१७मध्ये हे नाव बाजारात आणले. फुले द्रव नायट्रोजनच्या मदतीने अतिशीत करतात, त्यामुळे चिकट ल्युपुलिन कडक होते आणि पाकळ्यांपासून चाळून वेगळे काढता येते. मग त्या ल्युपुलिनयुक्त भागाचे पेलेट पाडतात. तत्त्व नवे नाही: टी-४५ नावाचे संपृक्त पेलेट याच पद्धतीने, पण कमी टोकाला जाऊन, फार पूर्वीपासून तयार होतात. क्रायोमध्ये अल्फा आणि तेल टी-९०च्या साधारण दुप्पट असतात, म्हणून सुगंधासाठी अर्धे वजन पुरते. १६० ग्रॅम पेलेटऐवजी ८० ग्रॅम क्रायो वापरले की निम्मा पाला कमी होतो आणि दोन-तीन जास्तीच्या बाटल्या भरतात. किंमत जास्त असली तरी वाचलेली बिअर हिशेबात धरली की फरक बराच कमी होतो.

तरीही संपूर्ण ड्राय हॉपिंग क्रायोने करण्याच्या बाजूचा मी नाही. फक्त क्रायो वापरलेल्या बिअरचा सुगंध तीव्र पण एकसुरी लागतो. पाल्यातून येणारी द्रव्येही हॉप्सच्या एकूण छटेचा भाग असतात, विशेषतः आयपीए या भरपूर हॉप्सच्या बिअरच्या दाट, धुकट प्रकारात, जिथे पॉलिफेनॉल आणि प्रथिने मिळून तो धूसरपणा धरून ठेवतात. सुगंधाचा निम्मा भार टी-९० आणि निम्मा क्रायो, म्हणजे ८० ग्रॅम पेलेट आणि ४० ग्रॅम क्रायो, हे प्रमाण मला सर्वांत समाधानकारक वाटते. ६० मिनिटांच्या उकळीत मात्र क्रायो कधीही टाकू नये. ज्या तेलांसाठी जास्त पैसे मोजले ती वाफेबरोबर निघून जातात, आणि उरतो तो कडूपणा साध्या मॅग्नममधूनही मिळाला असता. क्रायो थंड बिअरमध्ये कधीकधी गुठळ्या होऊन तळाशी बसतात, तेव्हा फर्मेंटर न उघडता हलकेच हलवून ते मोकळे करावेत.

ड्राय हॉपिंगबाबत रूपाशी निगडित आणखी एक बाब आहे. हॉप्सच्या पाल्यात स्टार्च तोडणारी विकरे (एन्झाइम) थोड्या प्रमाणात असतात. बिअरमध्ये उरलेल्या, यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनांचे ती साखरेत रूपांतर करतात आणि संपलेली आंबवण पुन्हा सुरू होते. ब्राउन आणि मॉरिस या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी हे १८९३मध्येच नोंदवले होते. आज याला हॉप क्रीप म्हणतात. अशी बिअर घाईने बाटलीत भरली तर दाब धोकादायक वाढतो आणि लोण्यासारखी डायअसिटिलची चव येते. म्हणून ड्राय हॉपिंगनंतर घनता सलग दोन-तीन दिवस स्थिर आहे हे मोजूनच बाटल्या भराव्यात. बिअर आधी १४ अंश सेल्सिअसच्या आसपास आणून मग हॉप्स टाकल्यास विकरांचा आणि यीस्टचा वेग मंदावतो आणि हा धोका बराच कमी होतो.

अर्काविषयी तुम्ही ओझरते विचारले आहे. कार्बन डायऑक्साइडने काढलेला हॉप्सचा अर्क हा दाट, चिकट, सोनेरी राळेसारखा पदार्थ असतो. त्यात पाला अजिबात नसतो, आणि बंद डब्यात तो वर्षानुवर्षे टिकतो. ७० किंवा ८० आयबीयूच्या डबल आयपीएमध्ये कडूपणासाठी सिरिंजमधून मोजून टाकलेला अर्क गाळ खूपच कमी करतो. तो पूर्ण उकळत्या वर्टमध्येच टाकावा, नाहीतर भांड्याच्या कडेला चिकटून बसतो. आधीच रूपांतर केलेला आयसो अर्क यापेक्षा वेगळा असतो. तयार बिअर कमी कडू झाली असेल तर त्याचे काही थेंब टाकून ती सुधारता येते. तो उकळीत टाकायचा नसतो. साध्या २५-३० आयबीयूच्या बिअरसाठी या दोन्हींची गरज नाही.

वेलीवरून नुकती तोडलेली ओली फुले मिळण्याची संधी असेल तर ती अवश्य घ्या, पण त्यांच्यावर कडूपणाचा हिशेब ठेवू नका. त्यांत तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते, म्हणून वाळलेल्या फुलांच्या पाच-सहा पट वजन लागते, आणि अल्फाचे प्रमाण कोणीच मोजलेले नसते. कडूपणा पेलेटने साधावा आणि ओली फुले तोडल्यापासून दिवसभरात उकळीच्या शेवटी टाकावीत. दाबून वड्या केलेली फुले, ज्यांना प्लग म्हणतात, ती आता क्वचितच मिळतात, त्यामुळे जुन्या कृतीत दिसली तर अख्खी फुले समजून चालावे.

साठवणुकीकडे मात्र मी तुमचे जास्तीत जास्त लक्ष वेधू इच्छितो. ऑक्सिजन, उष्णता आणि प्रकाश हे हॉप्सचे तीन शत्रू आहेत. हवा लागली की अल्फा आम्ले घटतात, तेलांतला ताजा मोसंबी-फुलांचा भाग उडतो आणि आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होऊन जुन्या चीजचा वास येतो. पेलेट दळलेले असल्यामुळे पाकीट एकदा उघडले की ते फुलांपेक्षा लवकर बिघडू शकतात. म्हणून पेलेट जास्त टिकतात हे विधान फक्त बंद पाकिटापुरते खरे आहे. खरेदी करताना पाकिटावर पिकाचे वर्ष आणि त्या खेपेचे प्रत्यक्ष मोजलेले अल्फा छापलेले आहे का ते पाहावे. नुसती ‘कॅस्केड, ५ ते ८ टक्के’ अशी नोंद असलेले पाकीट मी घेत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकच्या, हवा भरलेल्या पिशवीतले हॉप्स कितीही स्वस्त असले तरी टाळावेत. घरी आल्यावर पाकीट थेट उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवावे, आणि फ्रीझरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याखेरीज उघडू नये, नाहीतर थंड गोळ्यांवर दव साचते.

उरलेले हॉप्स निर्वात करून सील करता येत असतील तर करावेत आणि पाकिटावर उघडल्याची तारीख लिहावी. ते यंत्र नसेल तर पाकिटातली हवा जितकी दाबून काढता येईल तितकी काढून तोंड घट्ट बंद करावे आणि असे हॉप्स महिना-दोन महिन्यांत संपवावेत. वापरण्यापूर्वी एक-दोन गोळ्या तळहातावर चुरडून हुंगाव्यात. वास स्वच्छ असेल तर ते उकळीत कोणत्याही वेळी चालतात. सुगंध मंदावला असला पण चीजचा किंवा घामट वास नसेल, तर ते ६० मिनिटांच्या उकळीला द्यावेत आणि अल्फा थोडे कमी धरून वजन किंचित वाढवावे. ड्राय हॉपिंगसाठी मात्र प्रत्येक वेळी नवे, बंद पाकीटच उघडावे. तुमच्या पुढच्या खरेदीत म्हणूनच अर्धा किलोचे एक मोठे पाकीट घेण्याऐवजी कडूपणासाठी मॅग्नमचे १०० ग्रॅम, आणि सुगंधाच्या जातींची एका खेपेत संपतील अशी छोटी पाकिटे घ्यावीत.